रीस्टार्टने नेट येतं, शटडाऊनने का येत नाही? : हायबरनेशन आणि नेटवर्क ड्रायव्हर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप.

सांगलीत शिकणारी, शनिवार-रविवार साताऱ्याला घरी जाणारी बरीच मुलं एकच तक्रार सांगतात. लॅपटॉप हायबरनेट करून बॅगेत टाकला, कराडमार्गे सांगलीला आलो, हॉस्टेलवर उघडला. अर्धवट लिहिलेली असाइनमेंट जशीच्या तशी समोर, ब्राउझरचे टॅब उघडे, पण वायफाय गायब. आयकॉनच नाही! मग कोणीतरी सांगतं की कार्ड गेलंय. दुकानात जाऊन नवीन कार्डाचे पैसे मोजलेले लोक मला माहीत आहेत. पैसे काढण्याआधी एक चाचणी करा. 'रीस्टार्ट' द्या. नेट परत आलं तर कार्ड बहुतेक ठणठणीत आहे, गोंधळ ड्रायव्हरचा आहे.

मुळात हायबरनेशन म्हणजे काय ते बघू. स्लीपमध्ये रॅमला थोडी वीज चालू राहते. हायबरनेशनमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. म्हणून आपल्याकडे त्याचा उपयोग जास्त. (कोयना धरण आपल्याच पाटण तालुक्यात, तरी वळवाचा वारा सुटला की लाइट जातेच.) बॅटरी संपली तरी काम वाचतं.

पण डिस्कवर जाते ती फक्त रॅम. नेटवर्क कार्डाच्या आत स्वतःची रजिस्टर्स असतात. आलेलं पॅकेट रॅममध्ये कुठे ठेवायचं, कोणता इंटरप्ट द्यायचा, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. वीज गेली की ते पुसलं जातं. वायफाय कार्डात तर वेगळं फर्मवेअर भरावं लागतं, बऱ्याच कार्डांत तेही उडतं. आता मशीन उठलं की ड्रायव्हरच्या आठवणीत 'कार्ड तयार आहे', आणि प्रत्यक्षात कार्ड कोरं. एसटीत साताऱ्याला तिकीट काढून डोळा लागला, जाग आली तर कंडक्टर बदललेला. तुमच्या डोक्यात तिकीट झालंय, त्याला काहीच माहीत नाही. परत दाखवावंच लागतं. चांगला ड्रायव्हर उठल्यावर हेच करतो : कार्ड रीसेट, रजिस्टर्स नव्याने, फर्मवेअर नव्याने.

लिनक्समध्ये याची गंमत आणखी खोल आहे. हायबरनेशनमधून उठताना आधी एक ताजा कर्नल बूट होतो, तो डिस्कवरची इमेज वाचतो आणि मग जुन्या कर्नलच्या हातात मशीन देतो. म्हणजे त्या मधल्या पाहुण्या कर्नलने कार्डाला हात लावलेला असू शकतो. जुन्या ड्रायव्हरला कार्ड कोणत्या अवस्थेत मिळेल याची खात्रीच नाही. शिवाय इमेज बनत असताना कार्ड डीएमएने परस्पर रॅममध्ये पॅकेट लिहीत बसलं तर मेमरीच खराब व्हायची. म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये फ्रीझ, थॉ, पॉवरऑफ, रिस्टोअर अशी वेगवेगळी फंक्शन्स देता येतात. फ्रीझचं काम कार्डाला गप्प बसवणं, रिस्टोअरचं काम काहीही गृहीत न धरता पुन्हा उभं करणं. माझ्या मते बहुतेक घोळ इथेच होतो : स्लीपमधून उठायचं फंक्शन लिहिलेलं असतं, तेच हायबरनेशनला जोडून दिलेलं असतं. फर्मवेअरचा पेचही छान आहे. उठताना फाइल वाचायला डिस्क तयार असेलच असं नाही, म्हणून कर्नल झोपण्याआधीच फर्मवेअर रॅममध्ये आणून ठेवतो.

'मी हायबरनेट करतच नाही' म्हणणाऱ्यांनो, थांबा. २०१२ साली विंडोज ८ सोबत फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शटडाऊन केल्यावर तुमची ॲप्स बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हर हायबरनेटच होतात. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं शून्यापासून सुरू होतं. शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर हेच.

आता उपाय. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून वायफायचा नवा ड्रायव्हर घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअर टाळा. तेवढ्याने भागलं नाही तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून शटडाऊनवर क्लिक करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची परवानगी काढून टाका. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब नसतो. घाईत असाल तर तिथेच कार्ड डिसेबल करून एनेबल करा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामं तशीच राहतात.

लिनक्सवाल्यांनी एलएसपीसीआय डॅश के चालवून ड्रायव्हरचं नाव बघावं. मॉडप्रोब डॅश आर देऊन तो काढावा, मॉडप्रोबने परत घालावा. रोजचंच झालं तर सिस्टमडीच्या सिस्टम-स्लीप फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवता येते. झोपण्याआधी तिला 'प्री' मिळतं, उठल्यावर 'पोस्ट'. हे ठिगळ आहे, इलाज नाही. पण सबमिशनच्या रात्री ठिगळ चालतं.

वायफाय 'कनेक्टेड' दिसतंय, पण काहीच उघडत नाही, ही केस वेगळी. मशीन झोपलं साताऱ्याच्या राउटरवर, उठलं सांगलीच्या. लिंक तुटली हे ड्रायव्हरने वर कळवलंच नाही तर सिस्टम घरचाच आयपी धरून बसते. वायफाय तोडून परत जोडा. विंडोजवर आयपीकॉन्फिग रिलीज आणि मग रिन्यू दिलं तरी चालतं.

आणि बग नोंदवणार असाल तर रीस्टार्ट करण्याआधी डीमेसेजचा मजकूर फाइलमध्ये काढून ठेवा. कर्नलचा तो बफर रॅममध्येच असतो, रीस्टार्टला जातो. सोबत कार्डाचं मॉडेल, कर्नलचा नंबर आणि स्लीपमधून उठल्यावर नेट चालतं का, एवढं लिहा. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून दोष रिस्टोअरमध्ये आहे की आणखी कुठे, याचा अंदाज ड्रायव्हर लिहिणाऱ्याला लगेच येतो.