माळ्यावरच्या पेटीतलं जहाज

तुमच्या बिल्डिंगमध्ये रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली का? अंधेरी-बोरिवलीकडे घ्या नाहीतर घाटकोपर-मुलुंडकडे, सगळीकडे हीच गडबड. घरं रिकामी होतात, माळे झाडले जातात आणि रद्दीवाला तराजू घेऊन दारात उभा राहतो. अशा वेळी माळ्यावरून एखादी पत्र्याची पेटी खाली येते. "अगं बाई, ही तर तुझ्या पणजोबांची! ते बोटीवर होते ना!" आजी म्हणते. पेटीत दोन-चार परदेशी नाणी, पिवळे पडलेले फोटो आणि शिक्क्यांनी भरलेली एक छोटी पुस्तिका.

थांबा! ती पुस्तिका तराजूत जाऊ देऊ नका. तिच्यात एका माणसाचं अर्धं आयुष्य आहे.

"बोटीवर होते" एवढंच आपल्याला माहीत असतं. कुठल्या बोटीवर? काय काम करत? कुठे कुठे गेले? चला, जरा हेरगिरी करू या.

पहिला पुरावा म्हणजे घरातली मोठी माणसं. आजी-आजोबांजवळ वही-पेन्सिल घेऊन बसा आणि ते वापरतील तो शब्द जसाच्या तसा लिहून घ्या. जुन्या बोटींवर कामांना वेगळीच नावं होती. डेकवरच्या खलाशांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखालचा टिंडल. जहाजाचं चाक धरणारा सुकाणी. कोळशाच्या भट्टीपुढे घाम गाळणारा आगवाला. भंडारी म्हटलं की आपल्याला आडनाव वाटतं, पण बोटीवरचा भंडारी म्हणजे स्वयंपाकी! मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे लोक मोठ्या संख्येने असत, तर खानपानाच्या कामावर बरेचदा गोव्याची मंडळी. तेव्हा आजीच्या तोंडून असा एखादा शब्द निघाला, की पणजोबा जहाजात डेकवर, इंजिनात की भटारखान्यात राबत होते ते कळलंच म्हणून समजा.

दुसरा पुरावा ती पुस्तिका. तिला म्हणतात सीडीसी. जुने खलाशी 'नली' म्हणत. खलाशाचं नाव, जन्मतारीख, अंगावरची खूण, जहाजाचं नाव, कुठल्या बंदरात आणि कुठल्या तारखेला चढला, कधी उतरला, सगळं तिच्यात ओळीने असतं. आपल्या प्रगतिपुस्तकासारखा वागणुकीचा शेराही असतो बरं का! तिच्या प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. कागद ठिसूळ झाला असेल तर लॅमिनेशन मुळीच करू नका. त्याने कागद कायमचा बिघडतो.

आता तारखांशेजारी इतिहासाचं पुस्तक उघडा. समजा, 1969 साली पणजोबा मुंबईहून लंडनला गेले आणि घरी यायला फार उशीर झाला. बोट बिघडली होती? नाही! जून 1967 च्या युद्धानंतर सुएझ कालवा बंद पडला, तो थेट जून 1975 मध्ये उघडला. तोवर बोटींना अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागे. सुएझमधून मुंबई ते लंडन सुमारे 11,600 किलोमीटर, आफ्रिकेच्या टोकावरून सुमारे 19,800! "त्या वर्षी गणपतीलाही आले नाहीत" ही आजीची तक्रार आणि जगाचा इतिहास असे एकाच पानावर भेटतात.

तिसरा पुरावा जहाज. जहाज विकलं गेलं की बरेचदा त्याचं नाव बदलतं, मग शोधणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून 1987 पासून जहाजांना न बदलणारा सात आकडी आयएमओ क्रमांक देण्याची पद्धत आली. त्यात एक गंमत आहे. 9074729 हा क्रमांक घ्या. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा आणि बेरीज करा. 63, 0, 35, 16, 21 आणि 4 मिळून झाले 139. बेरजेचा शेवटचा आकडा 9, आणि क्रमांकाचाही शेवटचा आकडा 9! जुळलं नाही तर समजायचं, उतरवून घेताना आपली चूक झाली.

आणि पेटीच नसेल तर? पणजोबा परतलेच नसतील तर?

अशा घरांसाठी एक जागा आपल्या मुंबईतच आहे. मध्य रेल्वेची स्लो गाडी पकडा आणि सीएसएमटीच्या आधीच्या मशीद स्टेशनला उतरा. बोरिवली-अंधेरीकरांनी दादरला गाडी बदलावी. जवळच इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त जणांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी नावांचं पुस्तक केलं, त्यात व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ सहा हजार भारतीय खलाशी आहेत. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही, अशांची ही नावं. जाण्याआधी परवानगी विचारा आणि मोठ्या माणसाला सोबत न्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत ही नावं घरबसल्या संगणकावरही शोधता येतात. फक्त एक करा, नाव चार-पाच तऱ्हेने लिहून बघा. साहेबाच्या कारकुनाने आपल्या नावांचं काय केलं असेल सांगता येत नाही!

आता एक खरी हकिगत ऐका. 20 नोव्हेंबर 1942 रोजी 'तिलावा' नावाची बोट मुंबईहून आफ्रिकेला निघाली. बोटीवर 732 प्रवासी, 222 खलाशी आणि 4 तोफची असे 958 जण होते. 23 तारखेला हिंदी महासागरात जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला, मग दुसरा. बोट बुडाली. 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने वाचलेल्यांना पाण्यातून काढून 27 तारखेला मुंबईला आणलं. 280 जण गेले.

त्याच बोटीवर चांदीच्या 2,364 विटाही होत्या. 2017 मध्ये त्या समुद्राच्या तळातून वर काढण्यात आल्या. त्या कुणाच्या, यावर खटला चालला आणि 2024 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. चांदीचा हिशेब विटेविटेचा लागला. माणसांचा हिशेब मात्र त्यांच्या घरच्यांनाच शोधत बसावं लागलं. जुनी पत्रं, याद्या, म्हाताऱ्यांच्या आठवणी जोडत ती कुटुंबं एकमेकांना सापडत गेली. 23 नोव्हेंबर 2022 रोजी, म्हणजे बरोबर 80 वर्षांनी, त्यांनी मुंबईत एकत्र येऊन आपल्या माणसांची आठवण जागवली.

म्हणूनच घाई करा, दोस्तांनो. पेटी एकदा रद्दीत गेली की गेली. आणि आजीला आज आठवतंय ते पुढच्या वर्षी आठवेलच असं नाही. सुट्टीचा एक रविवार तिच्यासाठी ठेवा. चहाचा कप हातात द्या आणि एकच प्रश्न विचारा, "आजी, त्यांच्या बोटीचं नाव काय होतं गं?"

उत्तर आलं की वहीत लिहा. वर आजची तारीख घाला. खाली आजीची सही घ्यायला विसरू नका!