ऑनलाइन अध्यापन आणि ग्रामीण महाविद्यालय : वऱ्हाडातील अनुभव

दूरशिक्षण महाराष्ट्राला नवीन नाही. नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. स्वयं-अध्ययनासाठी लिहिलेली पुस्तके आणि अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे हा त्या पद्धतीचा आधार. कोविडमुळे मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाल्यावर नियमित विद्यार्थ्यांपुढे जे आले ते मात्र या परंपरेतील नव्हते. नेहमीची तासिकाच पडद्यावर नेण्यात आली होती. या फरकाचे परिणाम मूर्तिजापूरसारख्या ठिकाणच्या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरते.

मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. अशा गावच्या महाविद्यालयात विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता व १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. म्हणजेच ऑनलाइन वर्ग हा बहुतांशी मोबाइलवरील वर्ग होता. आणि घरात एकच मोबाइल असेल तर तो वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात. विद्यार्थिनींच्या अनुपस्थितीचा विचार करताना ही बाब दृष्टिआड करता येत नाही. शिवाय घरी असलेला मुलगा डवरणीला आणि वेचणीला हाताशी हवाच असतो. तासिकेची वेळ आणि शेताची वेळ एकच.

प्राध्यापकांची अडचण निराळी होती. मुद्दा समजला की नाही हे वर्गात चेहऱ्यांवरून कळते. डेटा वाचविण्यासाठी कॅमेरे बंद राहिले आणि पडद्यावर उरल्या नावांच्या चौकटी. हजेरीची नोंद झाली, पण तिला उपस्थिती म्हणणे कठीण. विज्ञान शाखेत तर ही उणीव अधिकच जाणवली. अनुमापनातील रंगबदल चित्रफितीत दिसतो; ब्युरेटची तोटी नेमकी केव्हा बंद करावयाची, हे हातालाच शिकावे लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये निम्म्या उपस्थितीने वर्ग सुरू होण्याची चिन्हे दिसू लागली, तोच दुसऱ्या लाटेची पहिली झळ अमरावती-अकोल्यालाच बसली.

जे उपयोगी पडले ते साधे होते : व्हॉट्सॲप गटावरील टिपणे आणि ध्वनिमुद्रित व्याख्याने. रात्री मोबाइल हाती आल्यावर ती ऐकता येत, न कळलेला भाग पुन्हा लावता येई. थेट तासिकेचा आग्रह धरणाऱ्यांनी याची पुरेशी दखल घेतली नाही.

हा विषय कोविडबरोबर संपलेला नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांतून सत्रातील श्रेयांक मिळविण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये २० वरून ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. तेथील चित्रफिती व वाचनसाहित्य सवडीने वापरता येते, ही जमेची बाजू. तथापि बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अडलेले विचारण्यासाठी समोर माणूस लागतो. यासाठी वेळापत्रकात आठवड्यातून एक संपर्क-तासिका राखून ठेवणे आणि ग्रंथालयातील संगणक शेवटच्या एसटीच्या वेळेपर्यंत खुले ठेवणे, एवढे तर महाविद्यालयाच्या हाती आहे.