एक आठवडा, एक विषय, एकच फोटो

तळेगाव (श्यामजी पंत) बहुतेकांनी एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं असतं. नागपूर-अमरावती गाडी थांबते, आर्वी-आष्टीकडे जाणारे उतरतात, गाडी पुढे निघते. इथे फोटो काढण्यासारखं काय आहे, असं बाहेरच्याने विचारलं तर नवल नाही. गावातले आम्हीही तेच म्हणायचो. फोटो म्हणजे लग्नाचा, बारशाचा, नाहीतर चिखलदऱ्याला गेल्यावर काढायचा. टाळेबंदी उठल्यावर मात्र सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा काही जणांनी एक नेम धरला. रविवारी एक विषय ठरवायचा, आठवडाभर आपापल्या नेहमीच्या वाटेवर तो शोधायचा आणि शनिवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने एकच फोटो मोबाइलवरून बाकीच्यांना पाठवायचा. त्याला आता काही वर्षं झाली.

नियम आम्ही आमच्याच वर्धा जिल्ह्यातून, कनू गांधीकडून उचलले. कनू गांधी म्हणजे बापूंच्या पुतण्याचा मुलगा. सेवाग्राम आश्रमात तो कार्यालयाचं काम बघायचा. फोटो काढायची त्याला फार हौस, पण कॅमेऱ्यासाठी आश्रमाकडे पैसे नाहीत असं बापूंनी स्पष्ट सांगितलं. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, मला उभं राहायला किंवा बसायला सांगायचं नाही, आणि खर्च आश्रमाकडे मागायचा नाही. या अटी पाळून कनूने १९३८च्या सुमारापासून १९४८पर्यंत जे टिपलं, ते दुसऱ्या कुणाला जमलं नाही. १९४० साली कुष्ठरोगाचे जंतू पाहायला सूक्ष्मदर्शकावर वाकलेले बापू त्यानेच आपल्याला दाखवले. झोपडीतला उजेड जेवढा होता तेवढाच त्याच्या फोटोंत आहे. काही फोटो दाणेदार आहेत, काही धूसर, आणि माझ्या मते त्यामुळेच ते जास्त खरे वाटतात.

तिन्ही अटी आम्ही जशाच्या तशा घेतल्या. फ्लॅश नाही. कुणाला ‘इकडे बघा’ म्हणायचं नाही. आणि यासाठी नवा फोन घ्यायचा नाही, घरात असेल तोच चालवायचा. ही तिसरी अट सगळ्यांत मोलाची ठरली. काच तडकलेला फोन वापरणारी सून आणि शहरातून महागडा फोन घेऊन आलेला मुलगा एका पातळीवर आले, आणि सूनबाईंचे फोटो बहुतेक वेळा सरस निघाले.

एका फोटोची मर्यादा मात्र आमची स्वतःची. ॲगफा क्लिक-थ्री कॅमेऱ्याच्या काळात एका रोलमध्ये १२ फोटो निघायचे, वर धुलाईचा खर्च. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फोटो काढणं-पाठवणं जवळजवळ फुकट झालं. पैसा हात धरत नाही तेव्हा नियमाने धरावा लागतो. आठवड्यात कितीही काढा, पाठवायचा एकच. मग शनिवारी रात्री खरी परीक्षा, कारण काढण्यापेक्षा निवडणं अवघड.

पहिले विषय सोपे होते: पाणी, दार, चाक. त्यांत विशेष काही हाती लागलं नाही. डोळे उघडले ते मे महिन्यात, ‘सावली’ विषय आला तेव्हा. तळेगाव २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. एका शाळकरी मुलीने अंगणात गडवा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. सव्वाबाराच्या सुमारास सावली पोटाखाली शिरली आणि बुडाभोवती सारख्या जाडीचं काळं कडं तेवढं उरलं. तिने पाठवला तो हाच फोटो. सूर्य असाच पुन्हा जुलैच्या मध्यालाही डोक्यावर येतो, पण तेव्हा झडी लागलेली असते, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. भूगोलाच्या पुस्तकात कर्कवृत्त सगळ्यांनीच वाचलं होतं, पण ते आपल्या अंगणावरून जाणाऱ्या सूर्याशी कुणी जोडलं नव्हतं.

‘तार’ विषयाच्या आठवड्यात नीलपंख भेटला. विजेच्या तारेवर बसलेला असतो तेव्हा तो मातकट दिसतो. उडाला की पंखांतली निळाई उघडते. फोनच्या कॅमेऱ्यात तो जेमतेम ठिपका येतो, तरी त्या आठवड्यात बहुतेकांनी त्यालाच पाठवलं. २०१८ साली वर्धा शहराने आपला पक्षी निवडायला निवडणूक घेतली, तेव्हा मतदारांनी याच नीलपंखाला निवडून दिलं होतं. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो पक्षी वर्षभर आपल्या तारेवर बसलेला असतो, हे त्या आठवड्यानंतर मुलं मोठ्यांना सांगू लागली.

हिवाळ्यात ‘पांढरं’ आलं. कापसाच्या गाड्या गेल्यावर रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना अडकलेले पुंजके सगळ्यांनाच दिसले. एका बागायतदाराने मात्र संत्र्याचं खोड पाठवलं, आणि ते निळसर होतं. हे पांढरं कसं, म्हणून वाद झाला. त्याने समजावलं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, ही बोर्डो पेस्ट. ओली असते तोवर निळी, वाळली की फिकी. डिंक्या रोग लागू नये म्हणून बुंध्याला तीनेक फुटांपर्यंत लावतात. अशा बुंध्यांशेजारून जन्मभर गेलेल्या माणसांनी हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला हा फोटो आमच्या सगळ्या संग्रहात उजवा वाटतो.

‘हात’ विषयाने आमचे नियमच तपासायला लावले. वेचणीच्या वावरात एक बाई भेटल्या. सुकलेल्या बोंडांची टोकं लागून बोटं चिरलेली, कमरेची ओटी कापसाने फुगलेली. फोटो काढू का विचारलं तर म्हणाल्या, “माह्या हाताचा कायले फोटू काढता?” प्रश्न रास्त होता. न विचारता काढणं म्हणजे चोरी, आणि विचारलं की माणूस सावरून उभा राहतो. बापूंची अट बापूंना शोभणारी होती, कारण फोटो त्यांचाच निघणार होता आणि हो-नाही त्यांच्या हातात होतं. वावरातल्या मजूर बाईला तो अधिकार आपण देतो का? त्यांनी हाताचा फोटो काढू दिला, पण बदल्यात स्वतःचा मागितला, पदर नीट करून, ओटीसकट, समोर बघत. पुण्याला कामाला असलेल्या मुलाला पाठवायचा होता. तो काढून दिला. त्यानंतर ठरलं ते असं: ज्याचा फोटो त्याला आधी विचारायचं, नंतर दाखवायचा, आणि त्याला हवा तसा एक काढून द्यायचा. तो आठवड्याच्या फोटोत धरायचा नाही. त्यामुळे आमच्या संग्रहात चेहरे कमी, हात-पाय-अवजारं जास्त आहेत. मला ते बरोबर वाटतं.

‘तेच झाड’ हा विषय आम्ही दर महिन्याला पुन्हा घेतो. झाड संत्र्याचं, अंबिया बहाराचं. डिसेंबरात ताणावर सोडल्यावर पानं मलूल होतात. जानेवारीच्या शेवटी पाणी दिल्यावर फुलं येतात. मे महिन्यात लिंबाएवढी हिरवी फळं. ऑगस्टच्या झडीत खाली पडलेल्या फळांचा सडा, आणि नोव्हेंबरात उरलेल्यांवर रंग. ‘सीझनवॉच’सारख्या उपक्रमात देशभरातले हौशी लोक दर आठवड्याला एकाच झाडाची पानं-फुलं-फळं नोंदवतात. आमच्याकडे तशी पद्धतशीर नोंद नाही. तरीही गेल्या पावसाळ्यात फळगळ जास्त की त्याआधीच्या, यावर पारावर वाद झाला तेव्हा दोन्ही ऑगस्टचे फोटो शेजारी ठेवले आणि वाद मिटला. हौसेचं काम उपयोगी पडलं, याचा त्या दिवशी फार आनंद झाला.

उणीव आहे ती मागची. पूर्वी सहा नंबरचा असलेला आणि आता ५३ क्रमांकाचा झालेला आमचा नागपूर-अमरावती महामार्ग हजिऱ्याहून पारादीपपर्यंत जातो. चौपदरी होण्याआधी गावाजवळ तो कसा होता, दुतर्फा कोणती झाडं होती, थांब्यासमोर काय होतं, सत्याग्रही घाटाचं वळण कसं दिसायचं, याचे फोटो आमच्यापैकी कुणाकडेच नाहीत. तेव्हा रस्त्याचा फोटो काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मात्र लग्नाच्या अल्बमांत तो मागे कुठेतरी आलेला असणारच: वरातीच्या मागे, नव्या ट्रॅक्टरच्या पूजेत, पोळ्याला सजवलेल्या बैलांच्या पलीकडे. म्हणून या दिवाळीत आम्ही घरोघर जुने अल्बम उघडायला सांगतो आहोत. फोटो घरातच राहू द्या, फोनवर त्याची प्रत काढू द्या, आणि मागे दिसणारं झाड कोणतं ते आठवत असेल तर तेवढं सांगा.