फळ्या चिरण्यासाठी साखळी-करवतीची निवड

सन २०२० च्या जून महिन्यात निसर्ग चक्रीवादळाने कोकणातील आंबा, फणस, नारळ व सुपारीची असंख्य झाडे उन्मळून पाडली. अशी झाडे पडली की मोठा ओंडका वाडीतून वखारीपर्यंत नेणे परवडत नाही आणि उत्तम लाकूडही जळणाच्या भावाने जाते. अशा वेळी साखळी-करवतीने, म्हणजे चेनसॉने, जागेवरच फळ्या पाडता येतात. मात्र त्यासाठी हाती येईल ते यंत्र चालत नाही.

तोडणे निराळे, चिरणे निराळे

झाड आडवे तोडताना यंत्रावरील ताण थोडाच वेळ असतो. ओंडका उभा चिरताना मात्र यंत्र पूर्ण जोरावर अखंड चालवावे लागते. बाजारात सहज मिळणारी ५२ ते ५८ घनसेंटिमीटर इंजिनाची यंत्रे फांद्या व लहान झाडे तोडण्यास उपयोगी आहेत. परंतु रुंद ओंडका चिरताना ती तापतात व लवकर निकामी होतात. एक फूट रुंदीपर्यंतच्या ओंडक्यास निदान ६० ते ७० घनसेंटिमीटर आणि दीड-दोन फुटी ओंडक्यास ९० घनसेंटिमीटरच्या आसपासचे इंजिन असावे.

पट्टी व साखळी

फळीची जाडी सारखी राखणारी चौकट पट्टीवर बसवावी लागते. तीत पट्टीची काही लांबी अडकते. म्हणून पट्टी ओंडक्याच्या रुंदीहून सुमारे १५ सेंटिमीटर अधिक लांब घ्यावी. नेहमीच्या साखळीचे दाते २५ ते ३५ अंशांत घासलेले असतात. चिरण्याच्या साखळीस हा कोन सुमारे १० अंश ठेवावा. त्यामुळे फळी अधिक सफाईदार निघते. दात्यांना वरचेवर कानस लावावी व साखळीस तेल कमी पडू देऊ नये.

हिशेब आधी करावा

साखळी-करवतीच्या प्रत्येक चिरेत सुमारे ९ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. २५ मिलिमीटरच्या फळ्या पाडल्यास चौथा हिस्सा लाकूड असे वाया जाते. वखारीतील पट्टा-करवतीची चीर याहून पुष्कळ बारीक असते. तेव्हा जेथे ट्रॅक्टर पोचतो तेथून ओंडका वखारीतच न्यावा. जेथे तो पोचत नाही, तेथेही चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच चांगले यंत्र घेणे हिताचे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात पुढाकार घ्यावा.

परवानगी व सुरक्षितता

महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ इत्यादी झाडे आहेत; ती परवानगीवाचून तोडता येत नाहीत. पडलेले झाड चिरण्यापूर्वीही वन कार्यालयात विचारणा करावी. साखळी रोखणारा ब्रेक नसलेले यंत्र घेऊ नये. डोळ्यांस चष्मा, कानांस संरक्षण व पायांत भक्कम बूट असल्याखेरीज, तसेच सोबतीस दुसरा माणूस असल्याखेरीज, यंत्र सुरू करू नये. ओंडक्यात खिळा किंवा तार रुतलेली नाही, हेही आधी पाहावे.

शेतकरी बंधूंनो, दुकानात जाण्यापूर्वी आपला ओंडका मोजा. यंत्राची निवड त्या मापावरून करा, किमतीवरून नव्हे.