पिंपळाला रात्रपाळी नसते

एप्रिल-मे महिन्यात मैंदर्गीत रात्री वीज गेली की बाजा अंगणात येतात आणि त्यांच्यामागून तो ठरलेला सल्लाही येतो. चिंचेखाली झोपू नको, झाड रात्री विषारी हवा सोडतं. पिंपळाखाली झोप, तो चोवीस तास ऑक्सिजन देतो. पूर्वी चिंचेवर भूत असायचं. आता त्या जागी कार्बन डायऑक्साइड बसलाय, एवढाच फरक.

किती वेळा सांगायचं? झाडाचा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून निघतो आणि तो फोडायला उजेड लागतो. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात, हे यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्येच छापलंय. रात्री उरतं ते नुसतं श्वसन. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब, सगळ्यांचं तेच. पिंपळ पूज्य आहे, अक्कलकोटचा वटवृक्षही आहे. पण श्रद्धेला ऑक्सिजनचं नळकांडं कशाला जोडायचं?

‘अहो, पण काही झाडं रात्रीच कार्बन डायऑक्साइड घेतात ना?’ घेतात की. निवडुंग, कोरफड, पानफुटी. दिवसा छिद्रं उघडली तर अंगातलं पाणी उडून जाईल, म्हणून ती रात्री उघडतात आणि घेतलेला वायू आम्ल करून साठवतात. कंपनी सरकारच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी इथे भारतातच पानफुटी चाखून पाहिली: पान सकाळी आंबटढाण, दुपारी बेचव. लंडनच्या लिनियन सोसायटीने ते १८१५ मध्ये छापलं. उजाडलं की साठवलेल्या आम्लातून वायू सुटतो आणि साखर करायला वापरला जातो, म्हणून आंबटपणा जातो. ऑक्सिजन बाहेर पडतो तोही तेव्हाच, दिवसा.

झाडं दिवसा श्वसन करत नाहीत, हेही खोटं. करतात, पण उन्हात कार्बन डायऑक्साइड सोडतात त्याहून घेतात जास्त. खोलीतली एखादी कुंडी ना जीव घेते, ना हवा शुद्ध करते.

राहिली चिंच. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, भोवतालच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. तरी शेजारच्या बाजेवर घोरणाऱ्याला कुणी विषारी म्हणत नाही. उघड्यावर वारा सगळं पांगवून टाकतो. तेव्हा बाज खुशाल चिंचेखाली टाका; फक्त वर वाळकी फांदी नाही ना आणि खाली विंचू नाही ना, तेवढं बॅटरी मारून बघा.