बी.कॉम.ला नाव घालण्यापूर्वी



बारावीचा निकाल लागला की शेती ऑफिसात ऊसनोंदीच्या जोडीला आणखी एक चौकशी सुरू होते. "पोराला अकाउंटन्सीला घालायचंय, कुठलं कॉलेज बरं?" डॉक्टर-इंजिनिअरच्या वाटेची माहिती आता वाडीवस्तीवर पोचली आहे. कॉमर्सच्या वाटेची तेवढी पोचलेली नाही. "काहीच जमलं नाही तर बी.कॉम." असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. तो आधी उपटून टाकावा, असे आम्हांस वाटते.

प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना आणून बसवले. शेतकऱ्याच्या जिद्दीला हिशेबाची जोड हवी, हे त्या जाणत्या माणसाने ओळखले होते. सहकार टिकतो तो घामावर आणि चोख हिशेबावर.

आपल्या ऊसबिलाचेच पहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. उतारा ११.२५ धरला तर टनाला ३,८९६ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हे गणित किती घरांत मांडले जाते? पोरगं तीन वर्षे शिकून आलं आणि बापाचं ऊसबिल त्याला उलगडून सांगता आलं नाही, तर त्या पदवीचा कागद फक्त भिंतीला शोभा देणार.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका, पुढील गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट, मान्यता. कॉलेज कुठल्या विद्यापीठाला जोडलेले आहे, 'नॅक'चे मूल्यांकन झाले आहे का, हे पाहा. बोगस विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग प्रसिद्ध करतो, ती नजरेखालून घाला.

दुसरी, अभ्यासक्रम. साध्या बी.कॉम.मध्ये हिशेबाबरोबर अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, बँकिंग असे सगळे थोडे थोडे येते. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स) सारख्या अभ्यासक्रमात भर हिशेब, ऑडिट, कर आणि कॉस्टिंगवर असतो. साखरेशिवाय इथेनॉल आणि वीज काढणाऱ्या कारखान्यांना कॉस्टिंग जाणणारा माणूस लागतोच. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी मिळते, चौथे वर्ष केल्यास ऑनर्स.

तिसरी, फी. त्याच विद्यापीठाची पदवी अनुदानित तुकडीत थोडक्या फीमध्ये पडते, विनाअनुदानित तुकडीत तिचीच रक्कम बरीच फुगते. प्रवेशाआधी तुकडी कोणती ते लेखी विचारून घ्या. बी.कॉम.साठी जमिनीचा तुकडा गहाण टाकण्याची पाळी येत असेल, तर कॉलेज चुकले असे समजा.

चौथी, पुढची वाट. सी.ए. व्हायचे तर दोन रस्ते आहेत. बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा द्यायची, किंवा आधी पदवी घ्यायची. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के, इतर पदवीला ६० टक्के असले तर फाउंडेशन न देता इंटरमिजिएटला बसता येते. २०२३ पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. फाउंडेशनच्या रस्त्याने जाणाऱ्याने कॉलेजची वेळ सकाळची आहे का तेही पाहावे, म्हणजे दुपार अभ्यासाला मोकळी राहते. मात्र 'सी.ए. हमखास' अशी पाटी लावून लाखाची फी मागणाऱ्या क्लासला हात जोडा. ही परीक्षा अवघड आहे, कित्येकांना ती दोन-तीनदा द्यावी लागते. हे घरात आधीच बोलून ठेवा, म्हणजे पोर नापास झाले तरी खचणार नाही.

सी.ए. झेपले नाही म्हणजे सारे संपले असेही नाही. कॉस्ट अकाउंटंटची वाट आहे. आणि आपल्या सहकाराच्या घरचीच एक परीक्षा आहे, जी.डी.सी. अँड ए. राज्याचे सहकार खाते ती घेते, पदवीधराला बसता येते. ती उत्तीर्ण होऊन ठराविक अनुभव घेतला की सोसायट्या-पतसंस्थांचे ऑडिट करणाऱ्या सरकारी नामिकेत नाव लागू शकते. शेती सोडून शहरात राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून ते घरबसल्या शिकण्याची सोय करत आहे.

एक गोष्ट माउलींनी आणि बापांनी मनावर घ्यावी. मुलीला "बी.कॉम. कर, लग्नापुरतं बास" म्हणू नका. हिशेबाच्या कामाला ना उन्हातान्हात राबावे लागते, ना रात्रीची पाळी धरावी लागते. तालुक्याच्या गावी स्वतःचे ऑफिस टाकता येते.

आणि यात आपल्या साऱ्यांचाही स्वार्थ आहे. २०१३ च्या कायदादुरुस्तीने लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला, म्हणजे तुम्हां-आम्हांला दिला. पण सभेत ताळेबंदाचा विषय निघाला की आपण "मंजूर, मंजूर" म्हणून जेवणाच्या मांडवाकडे बघतो. प्रत्येक गावातून अहवाल उघडून "हे येणे कशाचे, हे कर्ज किती व्याजाचे?" असे विचारणारे एक पोर जरी उभे राहिले, तरी कारभार आपोआप सरळ चालेल. त्या पोराच्या फीचे पैसे वाया गेले असे कुणी म्हणणार नाही.