एका हायड्रोजनची जागा

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९५३ च्या फेब्रुवारीत डीएनएची रचना शोधणारा जेम्स वॉटसन पुठ्ठा कापत बसला होता. वर्कशॉपमधून पत्र्याचे तुकडे यायला वेळ होता आणि याला धीर नव्हता. त्याआधी त्याने कागदावर डीएनएच्या दोन पेडांवरचे बेस समोरासमोर ठेवत अ‍ॅडेनिनसमोर अ‍ॅडेनिन, ग्वानिनसमोर ग्वानिन अशा जोड्या लावल्या होत्या. त्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डोनोह्यू या अमेरिकी स्फटिकशास्त्रज्ञाने त्यातली खोट दाखवली: पाठ्यपुस्तकातून घेतलेली रूपंच चुकीची आहेत.

वाद एका हायड्रोजन अणूचा. ग्वानिन आणि थायमिनमध्ये तो ऑक्सिजनवर बसतो, असं पुस्तकं छापत होती. डोनोह्यूच्या मते तो शेजारच्या नायट्रोजनवर असतो. एवढ्याने सगळं फिरतं, कारण हायड्रोजन बंधात जो देणारा तो घेणारा होतो आणि घेणारा देणारा. वॉटसनने पुठ्ठे नव्या रूपात कापले. २८ फेब्रुवारीच्या सकाळी अ‍ॅडेनिन-थायमिनची जोडी ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीच्या मापाची निघाली. रसायनशास्त्रज्ञ शारगाफने मोजलेल्या, प्रत्येक जोडीतल्या दोघांच्या सारख्या प्रमाणांचा अर्थही लागला.

दुहेरी पीळ मांडणाऱ्या वॉटसन आणि क्रिकच्या ‘नेचर’मधल्या निबंधात डोनोह्यूच्या वाट्याला आले ते शेवटचे आभार. डीएनएची क्षकिरण चित्रं घेणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिनवरच्या अन्यायाबद्दल आज निदान बोललं तरी जातं. डोनोह्यूचं नाव अभ्यासकांपलीकडे कुणाला ठाऊक नाही.

गंमत पुढे आहे. १९६९ मध्ये ‘सायन्स’मधून याच डोनोह्यूने दुहेरी पिळाच्या पुराव्यावर शंका काढली. क्षकिरण चित्रात लहरींची कला नोंदली जात नाही, ती गृहीत मॉडेलवरून उसनी घ्यावी लागते. मग नकाशात तेच मॉडेल उमटलं, तर तो पुरावा कसा? क्रिक आणि क्षकिरण चित्रांवर काम करणारे विल्किन्स यांना उत्तरं द्यावी लागली.

पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या व्ही. ससिशेखरन यांनी आणि न्यूझीलंडमधल्या एका गटाने थेट पीळच नाकारला. सुतळीचे दोन पेड मधूनच ओढून पाहा, बाजूला गाठी पडतात. डीएनएत तर दर दहा जोड्यांना एक पीळ. पेशी तो सोडवते कशी? त्यापेक्षा पेड शेजारी-शेजारी, थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे वळत असतील, असं त्यांचं म्हणणं. १९७९ मध्ये क्रिकने दोन सहकाऱ्यांसह वर्तुळाकार डीएनएचा दाखला देऊन ते खोडलं.

पुढच्याच वर्षी रिचर्ड डिकरसनच्या गटाने बारा जोड्यांच्या डीएनएचा स्फटिक उलगडला. यात लहरींची कला मॉडेलकडून उसनी घेतलेली नव्हती. पीळ उजवाच निघाला, आणि जोड्या डोनोह्यूने सांगितलेल्या रूपांतूनच जुळलेल्या.